मानोऱ्याची पुंगळी

वाशीम जिल्ह्यांतील मानोरा हें गांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं पोहरादेवीच्या यात्रेस जातां-येतां पाहिलें असेल. १९९८ सालीं वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा मुलूख अकोला जिल्ह्यांत मोडत असे. मध्यंतरीं तेथील एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. जुना गोठा पाडून त्या जागीं नवी खोली बांधावयाचें काम चाललें होतें. गोठ्याच्या भिंतींतील कोनाडा रिकामा करतांना एक लहानशी पितळी नळी निघाली. बोटाएवढी लांब, एका टोंकास बूड असलेली, दुसऱ्या टोंकास अरुंद मानेची. घरांतील कोणी वडील माणूस दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं फौजेंत होता व त्यानें ती आठवण म्हणून आणून ठेवली असावी, यापलीकडे घरच्यांस कांहीं ठाऊक नव्हतें. त्यांच्या नातवानें ती माझ्या हातावर ठेवली आणि विचारलें, "आजोबा, ही मानेशीं वांकडी कां हो? आणि हिला चीर कशी पडली? कोणीं पाय तर दिला नाहीं ना हिच्यावर?"

मुलाचा प्रश्न साधा होता. उत्तर मात्र एका वाक्यांत देतां येण्यासारखें नव्हतें. तें त्याला त्या दिवशीं मीं अर्धेंच दिलें. उरलेलें आज आपल्यापुढें मांडीत आहें.

त्या नळीला आपल्याकडे पुंगळी म्हणतात. काडतूस उडाल्यावर जें मागें उरतें, ती पुंगळी. हिच्या बुडावर इंग्रजी के आणि एफ हीं दोन अक्षरें, त्रेचाळीसचा आंकडा आणि रोमन लिपींतील सात एवढा मजकूर होता. के-एफ ही पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची खूण. त्रेचाळीस म्हणजे १९४३ साल. आणि सात म्हणजे ‘तीनशें तीन’ या नांवानें आपल्या पोलीस-शिपायांच्या तोंडीं बसलेल्या काडतुसाचा सातवा नमुना, जो १९१० सालीं प्रचारांत आला. एवढ्याशा पितळावर गांव, वर्ष आणि जात कोरण्याचें कारण काय? कारण असें कीं, काडतूस ही बंद वस्तु आहे. तिच्या पोटांत काय आहे हें ती वापरणाऱ्याला पाहतां येत नाहीं. त्यानें करणाऱ्यावर विश्वास ठेवावयाचा असतो. आणि विश्वास ठेवावयाचा तर निदान करणारा कोण हें कळावयास हवें. काडतुसाचा सारा इतिहास हा या विश्वासाचाच इतिहास आहे, असें मला वाटतें.

‘काडतूस’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्याच्या मुळाशीं ‘कागद’ या अर्थाचा शब्द आहे. काडतूस म्हणजे कागदाची पुडी. पूर्वीं ती खरोखरच तशी असे. ठरलेल्या मापाची दारू व शिशाची गोळी कागदांत गुंडाळून ठेवीत. शिपायानें पुडीचें तोंड दांतांनीं फाडावें, दारू नळींत ओतावी, आणि गोळी गजानें ठासावी, अशी रीत होती. सन १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळच्या डमडम येथें वार्ता उठली कीं, नव्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांस गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे. पुढें काय झालें तें आपण जाणतांच. पण एक बारकावा फारसा कोणी सांगत नाहीं. मीरतेस २४ एप्रिल १८५७ रोजीं तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक स्वारांपैकीं ८५ जणांनीं काडतुसें हातीं घेण्याचें नाकारलें. त्या दिवशीं त्यांच्यापुढें धरलेलीं काडतुसें जुन्याच, नेहमींच्या वापरांतलीं होतीं. शिवाय दांतांऐवजीं हातानें फाडण्याची मुभाही देण्यांत आली होती. तरीहि त्यांनीं तीं घेतलीं नाहींत. ९ मे रोजीं त्यांच्या पायांत बेड्या ठोकण्यांत आल्या आणि १० मे रोजीं मीरत पेटलें.

काडतूस हें त्या उठावाचें एकटेंच कारण नव्हतें. असंतोषाचीं मुळें खोल गेलेलीं होतीं. परंतु काडतुसाच्या निमित्तानें एक गोष्ट उघड झाली. करणाऱ्यावरचा विश्वास उडाला कीं निर्दोष वस्तुहि सदोष ठरते. कुलाब्याकडील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे त्या वेळीं उत्तरेकडे निघाले होते. त्यांनीं वाटेंत शिपायांच्या तोंडून ऐकलेली काडतुसांची हकीगत पुढें ‘माझा प्रवास’ या पुस्तकांत आली आहे. म्हणजे ही कागदी पुडी मराठी वाङ्मयांतहि येऊन बसली.

यानंतर विश्वासाचें पारडें उलट फिरलें. आतां सरकारचा शिपायांवर विश्वास उरला नाहीं. देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षां एक पिढी जुनी बंदूक द्यावयाची, असा दंडक पडला. १८६६ सालीं विलायतेंत स्नायडर ही मागून भरण्याची रायफल आली. तिच्यासाठीं वुलिच येथील प्रयोगशाळेचे प्रमुख कर्नल बॉक्सर यांनीं नव्या तऱ्हेचें काडतूस काढलें. त्यांत कागदाची जागा पितळेच्या पातळ पत्र्यानें घेतली. पत्रा सुरळीसारखा गुंडाळून त्याला खालीं बूड बसवीत, आणि बुडाच्या मध्यभागीं आघातानें पेटणारी टोपी असे. १८७१ सालीं गोऱ्या पलटणींसाठीं मार्टिनी-हेन्री ही अधिक चांगली रायफल मंजूर झाली. देशी पलटणींच्या हातीं स्नायडरच राहिली. १८८० च्या जुलै महिन्यांत कंदाहारजवळ मैवंद येथें जो संग्राम झाला, त्यांत मुंबई फौजेच्या ग्रेनेडियर पलटणीजवळ स्नायडर होत्या आणि शेजारीं लढणाऱ्या गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री. दोन्हींच्या काडतुसांची घडण मात्र एकच, गुंडाळलेल्या पत्र्याची.

या घडणींत जें व्यंग होतें तें आफ्रिकेच्या वाळवंटांत उघडकीस आलें. खार्टुमास वेढ्यांत सांपडलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठीं निघालेल्या इंग्रज फौजेशीं १७ जानेवारी १८८५ रोजीं अबू क्लीआ येथें महदीच्या लोकांची गांठ पडली. लढाई अगदीं हातघाईवर आली, आणि ऐन वेळीं कित्येक मार्टिनी-हेन्री रायफली अडल्या. झालें असें कीं, बंदूक तापलेली, वाळू शिरलेली, पातळ पत्र्याची सुरळी फुगून नळीच्या मागच्या घरांत घट्ट बसलेली. पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आंकड्यानें बूड पकडलें आणि हिसका दिला. बूड उखडून हातांत आलें, सुरळी आंतच राहिली. पुढचें काडतूस आंत जाईना. १८५७ सालीं शिपाई काडतुसास हात लावीनात. आतां काडतूसच हात सोडीना. त्या मोहिमेनंतर गुंडाळलेल्या पत्र्याची रीत मागें पडली आणि एकसंध पितळेची पुंगळी रूढ झाली. मानोऱ्याची पुंगळी हिच्याच वंशांतली.

एकसंध पुंगळी कशी करतात, हें समजण्यासाठीं आपल्या तांबट-कासारांच्या आळींतून फेरफटका मारला तरी पुरे. पितळ ठोकूं लागलें कीं तें ताठर होतें. तसेंच ठोकत राहिलें तर तडकतें. म्हणून कारागीर मधून मधून त्याला ताव देतो, मऊ करून घेतो, आणि पुन्हां ठोकतो. पुंगळीचें तंत्र हेंच आहे. सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त असें पितळ घेतात. त्याच्या पत्र्याची चकती कापतात. दट्ट्यानें ती साच्यांत दाबली कीं चकतीची वाटी होते, वाटीचा पेला होतो, पेल्याची नळी होते. आणि दर खेपेस मध्यें ताव. शेवटीं बूड ठोकून पक्कें करतात, अंग किंचित् निमुळतें करतात, खांदा आणि मान काढतात.

पुण्याशेजारीं खडकीस दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं निघाला. ज्या खडकीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांची फौज इंग्रजांशीं झुंजली, त्याच परिसरांत बावन्न वर्षांनीं हा कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धांत आणि त्याहूनहि अधिक दुसऱ्या महायुद्धांत ‘के-एफ’ ही खूण सैनिकांच्या कंबरपट्ट्यांतून दूर दूर गेली. मानोऱ्याचा तो अज्ञात शिपाई ज्या रणभूमीवर गेला असेल, तेथें त्याचे प्राण खडकीच्या कामगाराच्या हातावर अवलंबून होते. या दोघांनीं एकमेकांस पाहिलेलें नव्हतें.

आतां मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं. पुंगळी वांकडी कां? आपण लहानपणीं भोंवरा फिरविला असेल. भोंवऱ्याची आर मधोमध बसली असेल तर तो झोंपी जातो. जरा बाजूस असेल तर तो हेलपाटतो. बंदुकीची गोळी हा भोंवराच होय. ‘तीनशें तीन’च्या नळींतील पीळ दर दहा इंचांत एक वेढा घेतो, आणि सातव्या नमुन्याची गोळी नळींतून सेकंदास सुमारें २,४४० फूट वेगानें बाहेर पडते. हिशेब केला तर ती सेकंदास जवळजवळ तीन हजार वेळां स्वतःभोंवतीं फिरते. ती नळींत शिरतांनाच जर तिरपी असेल, तर एवढ्या गिरकींत तिचा तोल कसा राहावा? अमेरिकेंतील डॉ. फ्रँकलिन मॅन नांवाच्या गृहस्थांनीं या एका विषयाचा ध्यास घेतला. मुद्दाम दोष ठेवलेल्या गोळ्या झाडून, त्या कोठें पडतात याची टांचणें त्यांनीं वर्षानुवर्षें ठेवलीं आणि १९०९ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. तिरपेपणा डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु लक्ष्यावर स्पष्ट उमटतो, हें त्यांच्या श्रमाचें सार.

म्हणून पुंगळीचें अंग, तिची मान आणि मानेंत बसलेली गोळी या तिघांचा आंस एकाच ओळंब्यांत असावा लागतो. साच्यांत दट्ट्या केंसभर जरी बाजूस सरकला तरी नळीची एक भिंत जाड व दुसरी पातळ होते. बाहेरून कांहीं कळत नाहीं. काडतूस उडालें कीं पातळ बाजू अधिक ताणली जाते, जाड बाजू कमी, आणि सरळ पुंगळी केळ्यासारखी किंचित् बांक धरते. चिखलमातींतहि काडतूस अडूं नये म्हणून लष्करी रायफलीचें घर मुळांतच ऐसपैस ठेवलेलें असे; त्यामुळें हा बांक वाढण्यास जागाहि मिळे. मानोऱ्याची पुंगळी कोणाच्या पायाखालीं आली नव्हती. ज्या क्षणीं ती उडाली, त्या क्षणीं तिच्या भिंतींतील जन्मजात असमानता उघडी पडली असावी.

एकदां उडालेली पुंगळी फेंकून न देतां तींत पुन्हां टोपी, दारू व गोळी भरण्याची रीत पाश्चात्य देशांतील नेमबाजांत जुनी आहे. वांकडेपणाची खरी डोकेदुखी त्यांनाच होते. अशा माणसानें दोष शोधावयाचा कसा? त्याची युक्ति साधी आहे. सपाट कांचेवर काडतूस गडगडवावें. गोळीचें टोंक स्थिर दिसलें तर ठीक, डुगडुगलें तर कोठें तरी ओळंबा चुकला. पण कोठें? येथें वैद्याची शिस्त लागते. नुसती उडालेली पुंगळी आधीं गडगडवून पाहावी. तेव्हांच ती डुगडुगली तर दोष पितळांत किंवा बंदुकीच्या घरांत. ती सरळ होती आणि साच्यांत दाबून मूळ मापास आणल्यावर वांकडी झाली, तर साच्यानें मान एकीकडे ओढली. तेथवरहि सरळ होती आणि गोळी बसविल्यावर डुगडुगली, तर गोळी तिरपी बसली. दर पायरीनंतर थांबून पाहणें एवढाच याचा मंत्र. सगळें संपल्यावर शेवटीं पाहणारा केवळ दोष आहे एवढें जाणतो. तो कोठें शिरला हें त्याला कळत नाहीं.

या प्रकरणांत इतिहासानें एक थट्टा करून ठेवली आहे. इंग्रज बॉक्सर यांच्या टोपीस पुंगळीच्या बुडांत मधोमध एकच भोंक लागतें. सरळ सळई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलतां येते. अमेरिकन बर्डन यांच्या रीतींत टोपीखालची ऐरण पुंगळींतच घडविलेली असते, आणि तिच्या दोन बाजूंस दोन बारीक भोंकें असतात. तेथें सळई चालत नाहीं. इंग्रजांची रीत अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकन रीत इंग्रजांच्या लष्करानें! मानोऱ्यास मीं विजेरीच्या उजेडांत पुंगळींत डोकावलों. तळाशीं दोन भोंकें होतीं. म्हणजे ही पुन्हां भरण्यासाठीं केलेलीच नव्हती. एकदां उडावें, मोजून परत जावें, वितळून पुन्हां पितळ व्हावें, हें तिचें विहित आयुष्य. एक शिपाई तिला खिशांत घालून वऱ्हाडांत घेऊन आला, म्हणून ती वांचली.

राहिला दुसरा प्रश्न, चिरेचा. याचें उत्तर तर आपल्या पावसाळ्यानेंच दिलें आहे. हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेस पूर्वीं असा अनुभव येई कीं, पावसाळ्यांत मोहिमा थंडावल्या असतां ठेवून दिलेलीं काडतुसें कोरड्या दिवसांत बाहेर काढावींत तों पुष्कळांच्या मानेस उभ्या चिरा पडलेल्या. कोणाचा धक्का नाहीं, कोणी तीं हाताळलेलींहि नाहींत. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून त्यास तसेंच नांव पडलें. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनीं १९२१ सालीं या चिरांचें कारण उलगडून दाखविलें. काडतुसें घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेलीं असत. जनावरांच्या मुतापासून अमोनिया वायु निघे, पावसाळी हवेंत ओल असे, आणि साच्यांत ओढतांना पितळांत कोंडलेला ताण असे. ओल, अमोनिया आणि ताण हे तिघे एकत्र आले कीं पितळ आपणहून उकलतें. यांतला एक काढून घेतला तरी रोग थांबतो. हवा बदलणें आपल्या हातीं नाहीं, पण पितळांतला ताण काढणें हातीं आहे. त्यासाठीं पुंगळीच्या मानेस अखेरचा माफक ताव देतात. कित्येक देशांच्या लष्करी काडतुसांच्या मानेवर जी निळसर-जांभळी छटा दिसते, ती याच तावाची.

हें ऐकून मानोऱ्याच्या गोठ्याचा कोनाडा आपल्या डोळ्यांपुढें आला असेल. बैल-म्हशींच्या गोठ्यांतील हवेंत कित्येक पावसाळे काढलेली ती पुंगळी. उडतांना तिच्या मानेंत पुन्हां ताण भरला होता. तिला चीर पडली नसती तरच नवल. डमडमची वार्ता, वाळवंटांतला हिसका, पावसाळ्यांतला तबेला. आणि त्यांच्याच ओळींत वऱ्हाडांतला एक गोठा.

श्रोतेहो, खडकीचा कारखाना आजहि चालू आहे. १९६४ सालीं जळगांव जिल्ह्यांत वरणगांव येथें याच कामाचा दुसरा कारखाना निघाला. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे आहेत. आपल्या देशांत परवान्याशिवाय काडतूस बनविणें हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानें गुन्हा आहे, हेंहि येथेंच सांगून ठेवतों. कारण वर जी तपासणी सांगितली ती समजण्यासाठीं आहे, घरीं करून पाहण्यासाठीं नव्हे.

माझ्या मनांत मात्र दोन माणसें घोळत आहेत. एक, मीरतेच्या संचलनभूमीवर काडतूस नाकारणारा स्वार. त्याच्यापुढची पुडी कदाचित् निर्दोष होती, पण ती निर्दोष आहे हें त्याला पटेल अशा रीतीनें सांगणारा कोणी नव्हता. जे सांगत होते ते हुकूम सांगत होते. दुसरा, १९४३ सालीं खडकींत मापांतून पुंगळी जाते कीं नाहीं हें पाहणारा कामगार. त्याचें नांव कोठें नोंदलेलें नाहीं. त्यानें हजारों पुंगळ्या हातावेगळ्या केल्या असतील, आणि त्यांतून एक किंचित् असमान भिंतीची पुढें गेली. ती उडाली, अडली नाहीं, आणि तिचा धनी मानोऱ्यास घरीं परतला. माप काय आणि तपासणी काय, वस्तूंतील दोष नाहींसे व्हावेत म्हणून असतातच. पण त्याहून अधिक त्या अशासाठीं असतात कीं, ज्यांना पोटांत पाहतां येत नाहीं, त्यांना भरंवसा ठेवतां यावा.

निघतांना मीं ती पुंगळी मुलाच्या हातीं परत दिली आणि घरच्यांस म्हणालों, "आतां ही गोठ्यांत ठेवूं नका, कोरड्या जागीं असूं द्या." मुलानें ती कांचेच्या टेबलावर गडगडवून पाहिली. तिची मान डुगडुगत होती. तो हंसला आणि म्हणाला, "खरेंच कीं, आजोबा!"